पापुआच्या जंगलात जाताना, बुटांच्या मातीबद्दल

परवा सावद्याहून एका पोराचा फोन आला. "काका, तुम्ही पापुआला जाऊन आले ना? मलाही त्या झाडावर घरं बांधणाऱ्या लोकांकडे जायचंय. सोबत काय काय घेऊ?" म्हटलं, काय घ्यायचं ते सांगतो, पण काय न्यायचं नाही आणि काय आणायचं नाही ते आधी ऐक. अर्धा तास बोललो तरी बरंच राहून गेलं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मी रावेर तालुक्यातला केळीवाला. आजोबांनी बसराई लावली, मी टिश्यूची ग्रँड नैन लावतो. ज्या पिकावर आमचं घर उभं राहिलं ते मूळचं कुठलं, हा प्रश्न कृषी महाविद्यालयात असल्यापासून डोक्यात होता. त्याचं उत्तर शोधत गेलं की न्यू गिनी बेट येतंच. बेटाच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात कुक नावाची पाणथळ जागा आहे. तिथे सुमारे सात हजार वर्षांपूर्वी केळी लावत असल्याचे पुरावे मिळाले आणि २००८ मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. आम्ही गेलो ते मात्र पश्चिमेच्या अर्ध्यात, इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पापुआत, झाडावर घरं बांधणाऱ्या त्या कोरोवाई लोकांच्या मुलखात. माझा एक वर्गमित्र तेव्हा जकार्तात नोकरीला होता, त्याच्यामुळे जमलं. जुलै २०१८ ची गोष्ट.

जकार्ताहून रात्रीचं विमान धरलं की सकाळी जयापुराजवळच्या सेंतानीला उतरतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आत जायला पोलिसांचं पत्र लागतं, त्याला म्हणतात 'सुरात जालान'. सुरात म्हणजे पत्र, जालान म्हणजे रस्ता. आमच्या सुरत-भुसावळ लाइनच्या माणसाच्या कानाला ते भलतंच ओळखीचं वाटतं. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि फोटो भरपूर ठेवावेत, पुढच्या चौक्यांवरही दाखवावे लागतात. भाषेची भीती बाळगू नये. नामा, गुरु, देसा, मनुसिया, इस्त्री हे शब्द तिकडेही आहेत. शंभरेक शब्द पाठ करून जा, माणसं लगेच मोकळी होतात.

सेंतानीहून छोट्या विमानाने देकाई. तिथून ब्राझा नदीतून लांबट मोटारबोट, आणि मग पायी. पायी म्हणजे चिखलातून. रात्री लाइट आली की बागेला पाणी द्यायला जाणारा माणूस मी, चिखलाचं मला काय, असं वाटायचं. पण तिथे पायवाट म्हणजे आडवी पडलेली झाडं. एकामागे एक ओंडके, ओले, शेवाळलेले, खाली गुडघाभर पाणी. पुढचा वाटाड्या अनवाणी, पायाची बोटं ओंडक्यावर रोवत सरळ चालत जायचा. त्याच्या टाचेकडे बघत मी पाऊल टाकायला शिकलो. दिवसातून दोनदा पाऊस. कोरड्या मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून फक्त झोपण्यासाठी ठेवावेत, नाहीतर तिसऱ्या दिवशी तळव्याची कातडी सोलते.

मलेरिया मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये. तिथे त्याचे फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही प्रकार आहेत. तो होऊ नये म्हणून मी डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिन हे औषध घेतलं, आणि ते परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवावं लागतं. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो, त्यावर प्रायमाक्विन देतात, पण त्याआधी जी-सिक्स-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी हवी. ती निघण्यापूर्वी इकडेच करून घ्यावी.

आता दुसरी बाजू. आम्ही गेलो त्याच वर्षी जानेवारीत शेजारच्या अस्मात भागात गोवरने आणि कुपोषणाने ७० च्या आसपास मुलं दगावली होती. नंदुरबारच्या पाड्यांवरच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आपल्या लोकांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. लस नाही, दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे खोकला घेऊन जाणारा पाहुणा काय करून ठेवू शकतो याचा विचार करा. मी गोवरची लस घेतली होती. मित्राला देकाईत सर्दी झाली, तर तीन दिवस आम्ही तिथेच थांबलो. पैसे गेले, पण ते बरोबर झालं असंच मला आजही वाटतं.

कोरोवाई लोक जेमतेम तीनेक हजार. १९७० च्या दशकापर्यंत बाहेरच्यांशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. मेलेला माणूस भूत होऊन भटकतो, त्याला ते 'लालेओ' म्हणतात, आणि बाहेरून आलेल्यालाही तोच शब्द. जंगल कितीही मोकळं दिसलं तरी प्रत्येक तुकडा कुठल्यातरी कुळाचा आहे. म्हणून वाटाड्या आधी लांबून हाळी द्यायचा, उत्तर आलं की मगच पुढे. आपणही कुणाच्या मळ्यात शिरताना बांधावरून आवाज देतोच की.

खूप उंच घराचा फोटो हवा असा हट्ट धरू नये. टीव्हीवर दिसलेलं तसलं एक घर खास चित्रीकरणासाठी बांधलं होतं, हे बीबीसीनेच २०१८ मध्ये कबूल केलं. आम्ही राहिलो ते घर फार उंच नव्हतं. खाली अर्धवट जळालेले बुंधे, साफ केलेली जागा, आणि त्यात केळी. ती बघून मला घरी आल्यासारखं झालं. पैसे सुटे न्यावेत, आत एटीएम नाही, आणि ठरलेली मजुरी त्या माणसाच्याच हातात द्यावी, मधल्याकडे नाही.

निघताना आईने विचारलं होतं, "तठी काय खाशीन रे बाबू?" दाण्याची चटणी आणि बिबडे नेले होते. बाकी सागो. सागो पाम पाडतात, खोडाचा गाभा कुटतात, पाण्याने धुतात, तळाला बसतो तो स्टार्च भाजून खातात. आपल्या साबुदाण्याचं नाव यावरूनच आलं, फक्त आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा असतो. पाडलेल्या काही खोडांत मुद्दाम सोंड्याच्या अळ्या वाढू देतात. नारळाचा लाल सोंड्या भुंगा माहीत असेल, त्याच कुळातल्या. मी माळकरी घरातला, अळ्या खाल्ल्या नाहीत. छातीवर हात ठेवून मान हलवली, कुणी वाईट मानलं नाही.

आणि बूट. मी शेतातले बूट घरीच ठेवले. गमबूट तिकडेच घेतले आणि निघताना देकाईत बोटवाल्याला देऊन टाकले. पनामा मर हा केळीचा बुरशीचा रोग, त्याचा टीआर-४ हा प्रकार पापुआत पोचलेला आहे, आपल्याकडे बिहार-उत्तर प्रदेशातही आलाय. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. एका तळव्याला चिकटलेल्या ढेकळातून तो आमच्या रावेरच्या काळ्या मातीत आला तर पुढची पिढी केळी लावू शकणार नाही.

आता जाणाऱ्यांनी हेही बघावं, की २०२२ मध्ये पापुआचे नवे प्रांत पाडले, त्यामुळे नकाशे आणि कार्यालयं बदलली. शेजारच्या न्दुगातून फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या वैमानिकाला सशस्त्र गटाने पळवलं, तो सप्टेंबर २०२४ मध्ये सुटला. देकाईच्या भागातही गोळीबार होतात. सध्या मी त्या पोराला जा म्हणणार नाही.

शेवटच्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्याने रानकेळ कापून दाखवली. बोटाएवढं फळ, आत गर नावालाच, बाकी मिऱ्यासारख्या काळ्या कडक बिया. दातांखाली टचकन वाजल्या. मी केळीवाला आहे हे वाटाड्याने त्याला सांगितलं असावं. तो खाली उतरला आणि एक पिल, म्हणजे केळीच्या बुडातून फुटलेलं रोप, खणून घेऊन आला. तलवारीसारखी अरुंद पानं, कंद मुठीएवढा, मुळांना लाल माती. माझ्या हातात दिला. भारतात परवान्याशिवाय असं काही आणता येत नाही, पण कायदा नसता तरी मी आणलं नसतं. किती वेळ ते हातात धरून बसलो कोण जाणे. मग बोटाने जमीन दाखवली. त्याला कळलं. काठीने खड्डा केला, आम्ही दोघांनी मिळून ते पिल तिथेच लावलं, आणि मी सवयीने बुडख्याभोवतीची माती पायाने दाबली.