भरली की सुटते

दुपारी एकचं ऊन. मुंबई-गोवा महामार्गावर, कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर एक मिनीडोर, म्हणजे सीटवर भाडं घेणारी तीनचाकी, उभी आहे. मागच्या बाकांवर चार माणसं, एक कोंबडीची पाटी, ड्रायव्हर मात्र गाडीत नाही. तो दहा पावलांवर टपरीच्या सावलीत उभा राहून महामार्गाकडे बघतोय. आतलं कुणी चुळबुळ करून उतरायला लागलं की तो येतो, इंजिन सुरू करतो. चार मिनिटं सगळ्यांचे दात वाजतात. उतरणारा पुन्हा बसतो. इंजिन बंद. 'कधी सुटणार?' असं जो विचारतो तो बाहेरचा, हे सगळ्यांना कळतं. उत्तर एकच, 'भरली की.'

रोह्याला जाणाऱ्याने आधी हे उत्तर पचवावं, वेळापत्रकं मग.

रोहा महामार्गावर नाही, सगळी गंमत तिथे आहे. महाड, चिपळूण, सावंतवाडीच्या एसट्या कोलाडवरून सरळ पुढे जातात. कंडक्टर नाक्यावर उतरवतो आणि तिथून आत 10-12 किलोमीटर रोहा. पण काम एमआयडीसीत असेल तर रोह्यापर्यंत जाऊच नये. ती रासायनिक कारखान्यांची वसाहत धाटावला, आणि धाटाव त्याच रस्त्यावर, अलीकडे लागतं. नवखी माणसं थेट रोहा स्टँड गाठतात आणि तिथून परत उलटी रिक्षा करतात. भाडं दोनदा जातं, ते जाऊ दे. गेटवर 'उशीर झाला' ऐकावं लागतं ते जास्त लागतं.

रस्त्याने किती वेळ लागेल हे विचारू नये. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, एवढं सांगितलं की पुरे. गणपतीच्या तोंडावर तर अवजड वाहनांना महामार्ग बंद होतो आणि चाकरमान्यांच्या गाड्यांचा पूर येतो. त्या आठवड्यात धाटावला काम काढणारा माणूस एक तर फार कर्तव्यदक्ष असतो किंवा कोकणातला नसतो.

त्यापेक्षा रेल्वे बरी. दिवा-रोहा मेमू पकडावी. पनवेलला उभं राहावं लागलं तरी घाबरू नये, पेणला डबा निम्मा रिकामा होतो. मग कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी मात्र थांबा बघून घ्यावा. कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या रोह्याला न थांबता धडधडत निघून जातात, आणि आपलं स्टेशन खिडकीतून जाताना बघण्याइतकी असहाय अवस्था दुसरी नाही. नाव कोकण रेल्वेचं, सुरुवात रोह्यापासून, आणि थांबायला मात्र वेळ नाही. 1993 मध्ये महाडजवळच्या वीरपर्यंत रूळ सुरू झाले, 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग. 1993 च्या आधी रोहा हे शेवटचं स्टेशन होतं. शेवटच्या स्टेशनाचा एक रुबाब असतो. तिथे प्रत्येक गाडीला थांबावंच लागतं.

मिनीडोरकडे परत यायला हवं. रायगडात वाढलेल्या कुणाचंही बालपण या तीनचाकीत मांडीवर बसून गेलेलं असतं. मांडीवरचं पोर सीट धरत नाहीत, हा अलिखित कायदा. त्यामुळे पोर आठ वर्षांचं झालं, पाय ड्रायव्हरच्या पाठीला लागायला लागले, तरी आईच्या लेखी ते मांडीवरचंच. समोरासमोर तीन-तीन माणसं, गुडघ्यात गुडघे अडकलेले, मध्ये पायाशी भाजीची पिशवी. पावसाळ्यात दोन्ही बाजूंचे रेक्झिनचे पडदे खाली, त्यातली एक-दोन बटणं हमखास तुटलेली, आणि त्या फटीतून नेमकी एकाच माणसाच्या खांद्यावर धार. तो माणूस कोण, हे बसताना ठरतं. जाणती बाई आधी पडदा बघते, मग सीट. आत ओल्या छत्र्यांचा, डिझेलचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास असतो. धाटाव जवळ आलं की त्यात चौथा वास मिसळतो. तो कुठल्या प्लँटचा यावर आत गंभीर चर्चा होते आणि कुणाचंच एकमत होत नाही.

बाहेरच्याला मिनीडोर लहरी वाटते, पण तिचं एक घड्याळ आहे. ते कारखान्यांच्या पाळीचं. सात, तीन, अकरा. दुपारी अडीच ते साडेतीन गाडी पाच मिनिटांत भरते. साडेबारा ते दोन बसून राहा. वड्याचंही तेच. अडीचच्या सुमाराला घाणा पडतो, तीनला पाळी सुटते, चारला उरतो तो थंडगार वडा आणि त्याला दोष देऊ नये. लॉजमध्ये खोली मिळत नसेल तर समजावं, कुठला तरी प्लँट दुरुस्तीसाठी बंद, म्हणजे शटडाऊन आहे आणि वेल्डर-फिटरची टोळी आठवडाभर मुक्कामाला आली आहे. त्या दिवसांत फोन करूनच निघावं.

पत्त्याचं निराळंच. हातातल्या कागदावर प्लॉट नंबर असतो आणि रिक्षावाल्याला तो वाचूनही दाखवू नये. प्लॉट नंबर नकाशात ओळीने असतात, रस्त्यावर नसतात. कंपनीचं नाव सांगावं, तेही जुनं. मालक बदलले, पाटी तीनदा रंगली, तरी नाक्यावर पहिलं नावच चालतं. आणि 'मेन गेट की मटेरियल गेट?' या प्रश्नाचं उत्तर फोनवर आधीच विचारून ठेवावं, कारण चुकीच्या गेटवर उतरलं तर कंपाउंडला अख्खी प्रदक्षिणा होते. गेटवर मोबाइल, काडेपेटी, लायटर जमा. चप्पल घालून आलेल्याला बाहेरच बसवतात. आत गेल्यावर आधी वर बघावं. खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा, कापडी पिशवीसारखा विंडसॉक फडफडत असतो. वायुगळतीचा भोंगा झालाच तर वारा जिकडे वाहतोय तिकडे पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. एवढं एक वाक्य पाठ असावं.

हे सगळं धाटावला आलं ते कुंडलिका नदीमुळे. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरवून भिऱ्याच्या वीजघरात आणलं, ते 1927 मध्ये सुरू झालं. चाकं फिरवून झालेलं पाणी कुंडलिकेत सुटतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये आसपासचे ओढे खडखडीत असताना ही नदी वाहते. कारखान्यांना असं बारमाही पाणी हवंच होतं. कोलाडला सकाळी राफ्टिंगला जमलेली पुण्या-मुंबईची पोरं लाइफ जॅकेट घालून काठावर वाट बघत असतात, तीही याच पाण्याची. वीज बनली की पाणी येणार. म्हणजे नदीलासुद्धा पाळी आहे. खाली रोहा-अष्टमीच्या पुढे खाडी सुरू होते. तिथे मासळीचं काय झालं, हे मात्र कंपनीच्या गेटवर विचारू नये. बाजारात पाटीशी बसलेल्या कोळणीला विचारावं. ती आधी भाव सांगते, मग गप्प होते.

रात्रीची पाळी भरली की रस्ता मोकळा. अकरानंतर कंपन्यांच्या बसेस तेवढ्या धावतात, त्या हात दाखवून थांबत नाहीत. परतीचा माणूस त्याआधी नाक्यावर पोचलेला बरा.

इकडे आंबेवाडीला ड्रायव्हर अखेर गाडीशी येतो. 'एकच सीट, एकच सीट, रोहा रोहा,' असं ओरडतो. मोजली तर तीन रिकामी असतात.

बसावं. पडदा बघून.