मी विकले माझे शेअर, गेले बाबांचे

रिटर्न भरताना ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टवर नजर गेली आणि चहा तसाच राहिला. मी अख्ख्या वर्षात एकच धड ट्रेड केला होता, जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीच्या आठवड्यात. 300 शेअर 1150 ला घेतले, अकरा दिवसांनी 1240 ला सोडले, 27 हजार सुटले, घरी श्रीखंड आणलं. रिपोर्ट मात्र म्हणतोय शॉर्ट टर्म गेन (वर्षाच्या आत विकलेल्या शेअरवरचा नफा) 1 लाख 2 हजार. आता हे कुठून आले?

कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कुणी टिप समजायचं. स्मॉलकॅप म्हणजे छोटी कंपनी आहे, रिझल्ट चांगला आला की दोन दिवस अप्पर सर्किट (भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला अडकतो), जरा काही बिनसलं की लोअर सर्किट, तेव्हा विकायला जावं तर घ्यायला कुणीच नसतं. मी हा शेअर निवडला त्याचं खरं कारण एवढंच की तो बाबांकडे होता, म्हणून त्याचा भाव रोज बघायची सवय लागली होती.

बाबा एसटीत अकाउंट्सला होते. 1996 साली त्यांनी या कंपनीचे 150 शेअर 38 रुपयांनी घेतले, 2010 ला एकास एक बोनस आला, झाले 300. एलआयसीच्या जुन्या डायरीत हिरव्या शाईत सगळं लिहून ठेवलंय, डिव्हिडंड आला की तारीख आणि रक्कम, समोर बारीकशी टिक. विकल्याची नोंद एकही नाही. मार्च 2024 मध्ये बाबा गेले. नॉमिनी मीच होतो, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे (सुप्रीम कोर्टानेही 2023 ला हेच सांगितलं), म्हणून ताईशी बोलून ठरवलं आणि ऑगस्टमध्ये ते 300 शेअर माझ्या डीमॅटला, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्याला, आले.

ॲपमध्ये त्यांच्यापुढे खरेदीभाव कोरा, शेजारी लाल उद्गारचिन्ह. टोचायला लागलं म्हणून मी भरून टाकलं, बाबा गेले त्या दिवशीचा भाव 900 आणि तारीखही तीच. न्यू जर्सीचा मामेभाऊ फोनवर म्हणाला होता की वारशात मिळालेल्या शेअरची किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात. धरतात, पण अमेरिकेत.

सीए म्हणजे बाबांचे मित्रच, मी काका म्हणतो. त्यांनी रिपोर्ट वरखाली केला आणि चष्मा काढून विचारलं, "तू कुणाचे शेअर विकलेस, माहितीये का?"

म्हटलं माझे, संक्रांतीला घेतलेले.

"डीमॅटला माझे-तुझे कळत नाही. जे आधी आत आले ते आधी बाहेर जातात. ऑगस्टमध्ये कोण आलं होतं?"

तर कसंय, 1998 च्या सर्क्युलरपासून डीमॅटला हाच नियम, फिफो (फर्स्ट इन, फर्स्ट आउट), लागतो आणि नंबर ठरतो तो शेअर खात्यात कधी शिरले त्यावरून. घेतले त्याच दिवशी विकले असते तर इंट्राडे झालं असतं, होल्डिंगला हात लागला नसता. पण मी डिलिव्हरी घेऊन (शेअर खात्यात आणून) अकरा दिवसांनी विकले, म्हणजे कागदोपत्री बाबांचे 300 गेले आणि माझे 1150 वाले राहिले. रिपोर्टने त्यांना मी भरलेला 900 धरला, 1240 वजा 900 गुणिले 300, तेच ते 1 लाख 2 हजार.

आपल्याकडे वारसा कर नाही, इस्टेट ड्यूटी 1985 लाच गेली, शेअर नावावर झाले तेव्हा एक रुपया लागला नाही. पण विकताना बाबांचाच खरेदीभाव आणि बाबांचीच तारीख धरायची, म्हणजे लाँग टर्म. शिवाय लिस्टेड शेअर असल्यामुळे 38 ऐवजी 31 जानेवारी 2018 चा सर्वात वरचा भाव खरेदीभाव म्हणून घेता येतो, तो निघाला 410, आणि बोनस त्याआधीचा असल्याने त्यालाही तोच, नाहीतर बोनसची किंमत शून्य. 1240 वजा 410 गुणिले 300, झाले 2 लाख 49 हजार. त्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्या 1 लाख 24 हजारावर साडेबारा टक्के, सेस धरून 16,120 रुपये. मी मनात धरलेला टॅक्स होता 27 हजाराचे 20 टक्के, 5,400.

खरं दुखलं ते पुढे. फेब्रुवारीत शेअर आपटला, मार्चमध्ये 930. काका म्हणाले, उरलेले 1150 वाले तेव्हा विकून दुसऱ्या दिवशी परत घेतले असतेस तर 66 हजाराचा शॉर्ट टर्म लॉस दिसला असता आणि तो लाँग टर्म गेनमधून वजा होतो (उलटं होत नाही), टॅक्स निम्म्याहून खाली आला असता. पण मी जुलैत त्यांच्यासमोर बसलो होतो, वर्ष 31 मार्चलाच संपलं.

आता दुसरं डीमॅट उघडलंय. फिफो खात्यानिहाय लागतो, म्हणून बाबांच्या बाकी कंपन्या तिकडे हलवल्या, तिथे ट्रेडिंग बंद. ॲपमधली तारीखही 1996 ची केली.

परवा ताईचा फोन आला, बाबांचे ते शेअर आहेत ना अजून? म्हटलं आहेत की, 300.