परदेशातून चार्टर्ड इंजिनिअरचं नूतनीकरण: वर्गणी भरावी की सोडावी?

‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही ब्रिटनमधली इंजिनिअरची व्यावसायिक उपाधी टिकवायला दरवर्षी आपल्या व्यावसायिक संस्थेची वर्गणी भरावी लागते. वर्गणीची नोटीस आली की नजर आधी रकमेवर जाते. परदेशात काम करत असलो की जास्तच. संस्थेच्या वाचनालयात जाणं होत नाही, व्याख्यानं चुकतात, मग हे पैसे नेमके कशाचे? मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण नोटिशीतल्या ओळी सुट्या करून पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही.

माझी नोंदणी ब्रिटनची, काम दुसऱ्या देशात. नोटिशीवर तीन ओळी होत्या: संस्थेची सभासद वर्गणी, इंजिनिअरिंग काउन्सिलची (ब्रिटनमध्ये इंजिनिअरांची नोंदवही ठेवणाऱ्या मंडळाची) वार्षिक फी आणि संस्थेच्या मदतनिधीला देणगी. देणगी ऐच्छिक असते. ती आधीच बेरजेत धरलेली असेल तर काढता येते. काउन्सिलची फी वर्गणीच्या मानाने लहान दिसते, पण ‘चार्टर्ड इंजिनिअर’ ही उपाधी उभी आहे ती याच ओळीवर. ती एकटी भरता येत नाही, कारण काउन्सिल आपली नोंद परवानाधारक संस्थेमार्फतच ठेवते. म्हणजे सभासदत्व सोडून उपाधी ठेवायची सोय नाही. दोन संस्थांचे सभासद असाल तर मात्र एक सोडता येते. त्याआधी आपली काउन्सिलची नोंद कोणत्या संस्थेमार्फत आहे ते नोटिशीवर पाहून घ्यायचं, आणि ती चुकीच्या संस्थेकडे असेल तर आधी वळवून घ्यायची. हा क्रम उलटला की उपाधीच जाते. मी दुसरी संस्था सोडली ती ही खात्री झाल्यावरच.

आणखी एक गोष्ट या नोटिशीवर नसतेच: काम करायचा परवाना. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ब्रिटनमध्ये ‘इंजिनिअर’ हा शब्द कुणीही वापरू शकतो, संरक्षण आहे ते ‘चार्टर्ड इंजिनिअर’सारख्या उपाध्यांना. अमेरिकेत उलट आहे. तिथे प्रत्येक राज्याचं मंडळ पीईचा (प्रोफेशनल इंजिनिअरचा) परवाना देतं आणि नकाशावर शिक्का मारायचा तर तो परवानाच लागतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये २००२च्या कायद्यानुसार राज्याच्या मंडळाकडे नोंद असावी लागते. कॅनडात हे काम प्रांतांकडे आहे. यातल्या कुठेही ब्रिटनची उपाधी त्या परवान्याच्या जागी चालत नाही. म्हणून ‘सही करता यावी म्हणून नूतनीकरण करतो’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आधी आपली सही नेमकी कोणत्या कागदाच्या जोरावर चालते ते तपासावं. माझी स्थानिक नोंदीवर चालत होती.

मग उपाधी हवी कशाला? याचं उत्तर मला कंत्राटाच्या कागदात मिळालं. निविदेतल्या प्रमुख कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात ‘चार्टर्ड इंजिनिअर किंवा समकक्ष’ अशी अट असते, आणि त्या तक्त्याला आपला बायोडेटा जोडलेला असतो. काम चालू असताना उपाधी गेली, तर ग्राहकाकडे दिलेली माहिती त्या दिवसापासून खोटी ठरते. कंपनीतल्या लोकांना विचारलं तर ‘काही गरज नाही’ हेच ऐकू येतं, कारण तो तक्ता भरणारा विभाग वेगळा असतो. स्वतः फाइल मागून वाचावी. तिथे आपलं नाव असेल, तर निदान ते काम संपेपर्यंत नूतनीकरणाचा प्रश्न सुटलेलाच असतो.

दुसरं कारण आहे एकावर एक रचलेल्या नोंदींचं. आंतरराष्ट्रीय प्रोफेशनल इंजिनिअरच्या नोंदवहीत यायला पदवीनंतर किमान ७ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान २ वर्षं महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतःकडे असावी लागते. ही नोंद मूळ देशाच्या नोंदवहीवर टेकलेली असते. खालची गेली की वरचीही जाते. असंच ‘गुड स्टँडिंग’च्या, म्हणजे आपली नोंद चालू आणि निर्दोष असल्याच्या, पत्राचं. नव्या देशातलं मंडळ हे पत्र बहुधा थेट मूळ संस्थेकडून मागवतं, आणि वर्गणी थकली असेल तर संस्था ते देत नाही. पत्र निघायला काही आठवडे जाऊ शकतात. त्यामुळे कुठेही अर्ज चालू असेल, किंवा येत्या वर्षात करायचा विचार असेल, तर हे वर्ष वगळण्याचं नाही.

वॉशिंग्टन करार आहे, मग सभासदत्व कशाला, असंही ऐकू येतं. १९८९चा हा करार पदवीच्या अभ्यासक्रमांबद्दलचा आहे, माणसाच्या व्यावसायिक दर्जाबद्दलचा नाही. भारत त्यात पूर्ण सदस्य झाला २०१४ साली, आणि लाभ होतो तो नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रिडिटेशनने मान्यता दिलेल्या ठरावीक अभ्यासक्रमांना. ज्याची पदवी त्याआधीची किंवा त्या यादीबाहेरची आहे, त्याचं शिक्षण प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासलं जातं. अशा माणसाने एकदा मुलाखत देऊन मिळवलेली उपाधी हातची घालवू नये असं माझं ठाम मत आहे.

खरी मेहनत सीपीडीच्या, म्हणजे नोकरी करताना चालू ठेवलेल्या व्यावसायिक शिक्षणाच्या, नोंदींची. ब्रिटनचं काउन्सिल तासांचा आकडा ठरवून देत नाही, काय शिकलो आणि कामात त्याचा काय उपयोग झाला ते विचारतं. पण नोंद मागवली जाऊ शकते, आणि २०१९पासून वारंवार कळवूनही उत्तर न देणाऱ्याचं नाव काढता येतं. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही तिथली संस्था ३ वर्षांत १५० तास मागते. अमेरिकेतल्या राज्यांसाठीच्या आदर्श नियमात वर्षाला १५ तास आहेत, त्यातला १ नीतिमत्तेचा. तीन ठिकाणी तीन वह्या ठेवण्यापेक्षा मी एकच तक्ता ठेवला: तारीख, तास, विषय, प्रकार, काय शिकलो, पुरावा कुठे आहे. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. ‘डिझाइन रिव्ह्यूला हजर’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ‘पाइलच्या (पायाच्या खांबाच्या) चाचणीचे आकडे आधीच्या अंदाजापेक्षा वेगळे का आले ते समजलं, पुढच्या गणितात मातीचा गुणांक बदलला’ असं लिहिलं की परीक्षकाला पुढे विचारायला फारसं काही उरत नाही. आणि हा तक्ता कंपनीच्या संगणकावर कधीच ठेवू नये. नोकरी सोडली त्या संध्याकाळी ते खातं बंद होतं आणि त्याबरोबर सगळे पुरावेही जातात. ग्राहकाचं गोपनीय नाव पुराव्यात येत असेल तर ते झाकून प्रत ठेवावी.

सगळं तपासूनही सोडायचंच ठरलं, तर लेखी राजीनामा द्यावा. नुसतं पैसे भरणं थांबवू नये. दोन्हींत फरक आहे. राजीनाम्याने हिशोब स्वच्छ राहतो. थकबाकीमुळे नाव काढलं गेलं, तर परत येताना ती रक्कम, नवा अर्ज, मधल्या वर्षांची सीपीडी आणि काही संस्थांमध्ये पुन्हा मुलाखत, असं सगळं समोर येतं. परतीचे हे नियम संस्थेला आधीच ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावं. राजीनाम्याच्या दिवसापासून व्हिजिटिंग कार्ड, ईमेलची सही आणि लिंक्डइनवरून उपाधीची अक्षरं काढावीच लागतात. त्याआधी सवलतींचीही चौकशी करावी. नोकरी नसताना, दीर्घ रजेवर किंवा निवृत्तीनंतर बऱ्याच संस्था वर्गणी कमी करतात, काही संस्था राहत्या देशानुसारही. पण सवलत आपणहून लागत नाही, मागावी लागते, आणि ती बिल निघण्यापूर्वी मागितलेली बरी.

ब्रिटनच्या करखात्याच्या मान्य संस्थांच्या यादीत आपली संस्था असेल तर वर्गणीवर करसवलत मिळते, पण ती ब्रिटनमधल्या करपात्र पगारातून. पगार पूर्णपणे बाहेरचा असेल तर ती हिशोबात धरू नये. मालक भरपाई देतो का, हे मात्र जरूर विचारावं.

भरताना एक खाचखळगा आहे. ब्रिटनचं बँक खातं बंद केलं की डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी वसुली, फसतो, आणि स्मरणपत्रं जातात जुन्या ऑफिसच्या ईमेलवर. इच्छा नसताना नाव जातं ते बहुतेक असंच. मी आधी वैयक्तिक ईमेल आणि नवा पत्ता नोंदवला, मग डेबिट रद्द करून कार्डाने भरलं. पावतीवर काउन्सिलच्या फीची ओळ वेगळी आली आहे ना ते पाहिलं, आणि काही दिवसांनी संस्थेकडून नोंद चालू असल्याचं लेखी मागवून घेतलं. त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतं का, तेही तेव्हाच बघायचं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरूनही परदेशातल्या मंडळाकडे अर्ज अडतो.