दादर ते नुवर (कँडी): लंकेतल्या धम्मबांधवाच्या घरी एकट्याने

मुंबईहून कोलंबोचं थेट विमान साधारण अडीच तासांत पोचतं. घड्याळसुद्धा मागेपुढे करावं लागत नाही. त्यामुळे धम्म परिषदेत ओळख झालेल्या लंकेतल्या एखाद्या उपासकाने ‘घरी या’ म्हटलं की आपण लगेच तिकिटं बघायला लागतो. प्रवास सोपाच आहे. अवघडायला होतं ते पुढे, त्याच्या विहारात आणि त्याच्या ताटावर. वंदना एक असली तरी बाकी बरंच काही वेगळं आहे.

निघण्याआधी ईटीए, म्हणजे ऑनलाइन मिळणारा प्रवेश परवाना, काढायचा, तोही श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावरून. तसंच दिसणारी दलालांची पानं सर्चमध्ये वर येतात आणि जास्तीचे पैसे उकळतात. शुल्काचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून मित्राने गेल्या वर्षी किती भरले यावर जाऊ नका. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. यजमानाचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. उतरल्यावर विचारतात, आणि नेमकी तेव्हाच मोबाइलला रेंज नसते. तिथे बऱ्याच ठिकाणी चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे प्लग आहेत, तेवढा अडॅप्टर बरोबर असू द्या.

आता टॅटूचं. आपल्याकडे पोरं श्रद्धेने दंडावर बुद्ध गोंदवून घेतात, छातीवर बुद्ध असलेले टी-शर्ट घालतात. लंकेत तो अपमान समजला जातो. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश बाईला अटक करून परत पाठवलं होतं. पुढे तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिला भरपाई दिली, पण सहल गेली ती गेलीच. टॅटू असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि तो टी-शर्ट घरीच ठेवा. मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणंही तिथे चालत नाही. ६ डिसेंबरला घालतो ते पांढरे कपडे मात्र दोन जोड घ्या, विहारात सगळे तेच घालतात.

कँडीला तिथले लोक ‘नुवर’ म्हणतात, कंडक्टरही तसंच ओरडतो. कोलंबोहून १ नंबरची बस जाते, वाहतूक असेल तर चार तास धरा. रेल्वे जास्त देखणी, जाताना उजवीकडची खिडकी पकडा. पण पावसात दरडी कोसळून घाटातला मार्ग बंद पडतो, तेव्हा गाडी चालू आहे ना हे आदल्या दिवशी विचारून घ्या. बसमधली पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते. एकटा माणूस मोकळी दिसली म्हणून तिथेच बसतो आणि पुढच्या थांब्यावर भन्ते चढले की त्याला उठावं लागतं. बाईने तर भिक्खूशेजारी बसूच नये.

घरात शिरताना ‘जय भीम’ म्हटलंत तर समोरचा गोंधळेल. ‘तेरुवन् सरणयि’ म्हणा, म्हणजे त्रिरत्नाचं शरण लाभो. विहारात गेल्यावर मात्र आपण एकदम घरचे होतो. नमो तस्स, तिसरण, पंचशील, फुलं वाहतानाचं ‘वण्ण गन्ध गुणोपेतं’ हे सगळं आपल्याला पाठ असतं. चाल आणि वेग निराळा असतो, एखाददुसरा शब्द मागेपुढे होतो, म्हणून पहिल्या दिवशी अर्धा सूर मागे राहून म्हणावं. वाहायच्या फुलांचा वास घ्यायचा नाही.

घरी दान, म्हणजे भिक्खूंना बोलावून दिलेलं जेवण, असेल तर ते नीट बघण्यासारखं आहे. भन्ते दारात आले की यजमान त्यांचे पाय धुतो, पुसतो. बुद्धधातूचा, म्हणजे बुद्धाच्या पवित्र अवशेषाचा, करंडा डोक्यावर घेऊन, वर छत्री धरून, सर्वांत आधी आत आणतात. प्रत्येक पदार्थातला थोडा थोडा आधी बुद्धाच्या पूजेला, मग भिक्खूंना, मग आपल्याला. हे सगळं बाराच्या आत आटपावं लागतं, कारण दुपारनंतर भिक्खू जेवत नाहीत. त्यामुळे अकराला पोचणारा पाहुणा उशिराच आलेला असतो, आदल्या रात्रीच जाऊन राहा. दान देताना बाईचा भिक्खूला स्पर्श होऊ नये. पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, यजमानांबरोबर अष्टशील घेतलंत तर तुम्हालाही रात्रीचं जेवण नाही. बिनदुधाचा गोड चहा तेवढा मिळतो, म्हणून सकाळी पोटभर खा. शाकाहारी असाल तर पोळ संबोलाबद्दल विचारा. खोबऱ्याच्या त्या चटणीत बहुधा सुकी मासळी कुटलेली असते.

खरा पेच इथून पुढे आहे. दळदा मालिगाव या बुद्धाच्या दाताच्या (दळदाच्या) मंदिरातली पूजा (पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेसहा) आटोपली की यजमान शेजारच्या देवळांकडे वळतो. नाथ, पत्तिनी आणि चक्क विष्णू. त्याच्या लेखी विष्णू हा बुद्धशासनाचा, म्हणजे धम्माचा, रक्षक देव आहे, बुद्धाहून खालचा, आणि पूजेचं पुण्य ‘आकासट्ठा च भुम्मट्ठा’ म्हणत देवांना वाटायचं असतं. आपल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच (ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही) याच्या आड येते. हात जोडायची गरज नाही आणि वाद घालायचीही नाही. बाहेर थांबा आणि नंतर चहा पिताना प्रतिज्ञा समजावून सांगा. १९५० मध्ये वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्सच्या पहिल्या परिषदेला बाबासाहेब याच कँडीत आले होते, तिथून सुरुवात केली की ऐकणारा कान देतो. बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाची इंग्रजी प्रत भेट द्यायला न्या, मिठाईपेक्षा ती कामी येते.

जातीचा विषय निघाला तर दचकू नका. दळदा सांभाळणारे मल्वत्त आणि अस्गिरिय हे दोन्ही विहार सियाम निकायाचे, म्हणजे त्या भिक्खू-पंथाचे. १७५३ मध्ये थायलंडच्या भिक्खूंकडून आलेल्या या परंपरेत उपसंपदा (भिक्खूची पूर्ण दीक्षा) फक्त वरच्या मानल्या जाणाऱ्या गोविगम जातीला मिळते. या मक्तेदारीला कंटाळून बाकीच्यांनी ब्रह्मदेशातून उपसंपदा आणली आणि अमरपूर निकाय उभा राहिला. रविवारच्या पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती वाचल्या तरी चित्र कळतं. माझ्या मते हे यजमानाला थेट विचारावं, पण जेवणाच्या टेबलावर म्हाताऱ्यांदेखत नव्हे.

नुवरहून अनुराधपूर बसने चारेक तास. तिथल्या जय श्री महाबोधी या बोधिवृक्षाला आणि रुवन्वेलिसाया स्तूपाला सकाळी सातलाच पोचा. टोपी काढावी लागते, चपला बाहेर ठेवाव्या लागतात, आणि दहानंतर फरशी अशी तापते की लोक एका सावलीतून दुसरीकडे पळत सुटतात. मोजे घालायला परवानगी आहे, जाडे न्या. जूनमधल्या पोसोन पौर्णिमेला जवळच्या मिहिंतले तीर्थाची गर्दी इथपर्यंत येते. त्या आठवड्यात खोली मिळाली नाही तर विहाराच्या विश्रामगृहात यजमानाच्या ओळखीने विचारा, आणि परतीच्या विमानाआधी एक अख्खा दिवस हाताशी ठेवा.