तोलार खिंडीतला रुग्ण

ट्रेक लीडरच्या प्रशिक्षणात नकाशा, होकायंत्र, गाठी, प्रथमोपचार असं बरंच काही शिकवतात. बचावाच्या सरावाला मात्र कुणीतरी नुसतं पडून राहायचं असतं. सरांनी मला निवडलं. कारण उघड होतं, बॅचमधला सगळ्यात वजनदार मीच.

प्रसंग असा ठरला: हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना, तोलार खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या कातळावर माझा पाय घसरला. घोटा मोडलाय, चालता येत नाही, फोनला रेंज नाही. १०८ ची अँब्युलन्स आली तरी खिरेश्वर गावापर्यंतच येणार. तिथवर मला पोहोचवायचं.

रोपचाच स्ट्रेचर विणला, आत कॅरीमॅट घातल्या, मला स्लीपिंग बॅगेत गुंडाळून स्लिंगांनी (मजबूत पट्ट्यांनी) आवळलं. कातळावरून खाली सोडताना अँकर (रोप बांधायचा पक्का आधार), बिले (सुटणाऱ्या रोपवर ताबा ठेवणं) सगळं चोख. (रोपचं काम सगळ्यांना आवडतं, फोटो छान येतात.) खिंडीतल्या व्याघ्रशिल्पाजवळ टेकलो तेव्हा सगळे खूश होते.

खरी परीक्षा खालच्या जंगलात झाली. स्ट्रेचरला दोन्ही बाजूंनी तिघेतिघे लागतात आणि पायवाट एका माणसाची. कडेचे गडी वाळलेल्या कारवीत घुसायचे, दगडांवरून घसरायचे. दर दोन-चार मिनिटांनी "थांबा, हात बदला". मोकळ्या अंगाने वीस मिनिटांत उतरतो तेवढ्या वाटेला दोन तास गेले.

मला दिसत होतं फक्त आभाळ आणि फांद्या. हात आत बांधलेले, नाकावर माशी. डोक्यावरून आवाज यायचे: "डावीकडे सोडू नको", "अरे धर, धर!" काय धर? कुठे दरी? सगळे माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी कुणीच नाही. सराव आहे हे माहीत असूनही छाती धडधडायला लागली. शेवटी मीच ओरडलो, "मला कुणी सांगेल का काय चाललंय?" सगळे हसले. मला नाही आलं हसू.

तेवढ्यात खालून एक मामा वर आले. खिंडीत त्यांची लिंबूसरबताची झोपडी, तिच्या छपरासाठी लांब बांबू खांद्यावर. जरा वेळ बघत राहिले.

"आसं कुठवर न्याल त्याला? आंधार हुईल की."

"मग कसं न्यायचं, मामा?"

त्यांनी चादर मागितली, टोकं बांबूला बांधून झोळी केली आणि मला आत बसवलं. एक पुढे, एक मागे, बाकीचे मोकळे. "बाळातपणाला बाई आडली का आमी आशीच खाली आनतो," असं सहज सांगून त्यांनी पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सपाटीपर्यंत आम्ही पाऊण तासात पोहोचलो. गुडघे छातीशी आले होते, पण मामा मान वळवून "पायरी हाय बरं का", "आता डोलंल जरा" असं सांगत होते, त्यामुळे धडधड थांबली.

संध्याकाळी सरांनी झोळीचं कौतुक केलं आणि लगेच मर्यादाही सांगितली. घोटा मोडला असेल तर झोळी चालेल. मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार असल्याची शंका असेल तर अजिबात नाही, झोळीत कणा वाकतो. तिथे रुग्णाला सरळ, न हलवता ठेवायचं आणि कितीही वेळ लागो, जादा माणसं आणि सपाट स्ट्रेचर मागवायचा. हे मला पटलं. पण आमच्या छापील टिपणांत झोळीचं नावही नसावं, हे खटकलंच. या डोंगरांतली माणसं आपले आजारी तिच्यातूनच खाली आणत आली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी लीडर होतो. उचलणाऱ्यांतला एक माणूस काढून मी त्याला रुग्णाच्या डोक्याशी चालायला लावलं, काम फक्त बोलत राहायचं. सर म्हणाले, "एक हात वाया घालवतोयस." मी ऐकलं नाही. मग त्यांनीच तोड काढली: बोलणाऱ्यानेच दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजून वेळेसह लिहून ठेवायची.