अथेन्समध्ये पाहिलेले सांधे

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या शिल्पांची बातमी अधूनमधून येतच असते. त्यातली बरीचशी लंडनला आहेत आणि ग्रीस ती परत मागतो. कधी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमशी बोलणी पुढे सरकल्याची, कधी अडल्याची. २०२३ च्या नोव्हेंबरात तर तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ग्रीसचे पंतप्रधान मित्सोताकिस यांची ठरलेली भेट ऐनवेळी रद्द केली, कारण मित्सोताकिस बीबीसीच्या मुलाखतीत या शिल्पांवर बोलले होते. शिल्पं कोणाची, एवढाच प्रश्न या बातम्यांत असतो. मी संग्रहालयात क्युरेटर आहे. मालकीच्या आधी दगड कुठे तुटलाय आणि सांधा कसा जुळवलाय, हे पाहायची मला सवय आहे. अथेन्सला गेले ती तेवढ्यासाठीच.

मेट्रोचं 'अक्रोपोली' स्टेशन. फलाटाच्या आसपासच शिल्पांच्या प्रतिकृती लावल्या आहेत, त्यामुळे जमिनीच्या वर यायच्या आतच विषय सुरू होतो. तिथून अक्रोपोलिस म्युझियम अगदी जवळ. २००९ साली उघडलेली ही इमारत बर्नार्ड चुमी यांनी आखली. पायाच्या जागी जुनी वस्ती सापडली, म्हणून अख्खी इमारत खांबांवर उचलून धरली आहे. काचेच्या फरशीतून पायांखाली घरांच्या भिंती, विहिरी दिसतात. पहिल्या मजल्यावरची दालनंही सुंदर आहेत. पण माझं लक्ष वरच्या मजल्याकडे लागलं होतं, त्यामुळे तिथे मी थोडकाच वेळ काढला.

पाय थबकले ते कॅरियाटिडांपाशी. पार्थेनॉनशेजारच्या एरेक्थिऑन मंदिराच्या ओसरीचं छत डोक्यावर पेलणाऱ्या या सहा स्त्रिया. पाच इथे आहेत, सहावी लंडनला. तिची जागा रिकामी ठेवली आहे, आणि ती रिकामी जागा ओळीत लगेच डोळ्यांत भरते. त्यांच्याभोवती चहूबाजूंनी फिरता येतं, हे फार मोलाचं. समोरून पाहिलं तर चेहरे झिजलेले, नाक-डोळे जवळजवळ पुसलेले. मागे गेलं की जाडजूड वेण्यांचा पेड न् पेड वेगळा दिसतो. पाठी मंदिराच्या आतल्या बाजूला असल्यामुळे त्यांना ऊनपाऊस कमी लागला. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातला गंधक संगमरवराचं जिप्सम करतो, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. ही खपली इथल्या संवर्धकांनी लेझरने उतरवली, तीही याच दालनात, लोक पाहत असताना. अवरक्त आणि अतिनील अशा दोन लहरी एकत्र वापरल्या, म्हणजे खपली निघावी पण दगडाची जुनी मधाळ छटा शाबूत राहावी. असं काम बंद दाराआड न करता लोकांसमोर करायला फार मोठा विश्वास लागतो. मला ते मनापासून आवडलं.

मग वरचं दालन. खालच्या इमारतीशी तिरकं, थेट पार्थेनॉनच्या दिशेला वळवलेलं. भिंती काचेच्या, बाहेर टेकडीवर प्रत्यक्ष मंदिर. मधोमध मंदिराच्या गाभ्याच्याच मापाची चौकट, आणि तिच्याभोवती मिरवणुकीची शिल्पपट्टी: घोडेस्वार, रथ, बळीचे बैल, देव. मूळ पट्टी सुमारे १६० मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर उंच. मंदिरावर ती जमिनीपासून साधारण १२ मीटरवर होती. इथे ती जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आल्यामुळे कारागिराचा हिशोब कळतो. माणसांचं डोकं आणि खांदे जास्त उठावाचे, पाय उथळ. खालून मान वर करून पाहणाऱ्याला वरचा भागही नीट दिसावा, म्हणून केलेली ही योजना. लंडनला मी हीच पट्टी पाहिली आहे. तिथे ती दालनाच्या भिंतींवर आत तोंड करून लावली आहे. मिरवणूक पाहणाऱ्याला वेढून टाकते. इथे पाहणारा मिरवणुकीबरोबर चालतो, आणि शिल्पकाराला हेच हवं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी पाहायला आले होते ते सांधे. अस्सल दगड मधासारखा पिवळसर, कारण पेंटेली डोंगरातल्या या संगमरवरात थोडं लोह असतं. लंडनला असलेल्या भागांच्या जागी प्लास्टरच्या प्रतिकृती, पांढऱ्याफटक. एकाच घोड्यावरून नजर फिरवताना रंग मध्येच बदलतो. पश्चिमेच्या त्रिकोणी माथ्यावरच्या पोसायडन या समुद्रदेवाचं तर धडच दोन शहरांत विभागलेलं आहे. संग्रहालयाने रंग जुळवून हा फरक झाकलेला नाही. काय आहे आणि काय नाही, हे लहान मुलालाही कळतं.

शिल्पपट्टीच्या पूर्वेच्या बाजूला आर्टेमिस देवी बसलेली आहे. तिच्या पायाचा आणि वस्त्राच्या काठाचा तुकडा इटलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयात होता. मांडीवर मावेल एवढा. २०२२ मध्ये तो आधी ठरावीक मुदतीसाठी आला आणि त्याच वर्षी कायमचा झाला. त्याआधी २००६ मध्ये जर्मनीच्या हायडेलबर्ग विद्यापीठाने एक तुकडा परत केला होता, आणि २०२३ मध्ये व्हॅटिकनने तीन दिले. पंतप्रधानांच्या रद्द झालेल्या भेटीला जेवढी जागा मिळाली, तिच्या पासंगालाही या पायाची बातमी पुरली नाही. माझ्या लेखी तीच मोठी बातमी. शेकडो वर्षांनी एक पाय आपल्या शरीराला लागला.

'आमच्याकडे शिल्पं सुरक्षित राहिली' हा युक्तिवाद मी आता कोणाच्याच तोंडून ऐकून घेऊ शकत नाही. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने मंदिरातला बंदुकीच्या दारूचा साठा उडाला. १९ व्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पं उतरवली. लंडनमध्ये १९३७-३८ च्या सफाईत तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाने दगडाची वरची छटा खरवडली गेली. इकडे टेकडीवर जुन्या डागडुजीतल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि त्यांनी संगमरवर तडकवला. दुसऱ्या दिवशी वर गेले तेव्हा तिथे त्या काढून टायटॅनियम बसवण्याचं काम पाहायला मिळालं. नवा संगमरवर जुन्याशेजारी स्पष्ट ओळखू येतो, आणि तसाच यावा.

माझं मत सरळ आहे. ही एक रचना आहे, ती एका ठिकाणी असावी, आणि जिथून मंदिर दिसतं तिथे असावी. अडचण कागदावरची आहे. १९६३ च्या ब्रिटिश कायद्याने विश्वस्तांना संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायची जवळजवळ मुभाच नाही. उसन्या देता येतात. पण उसनवारीच्या करारावर सही करायची म्हणजे मालक लंडन आहे हे मान्य करायचं. ग्रीस ते करणार नाही, आणि का करावं? कायदा संसदेने केला, तो बदलायचा अधिकारही संसदेलाच आहे.

उद्या लंडनचे दगड आलेच, तर ही प्लास्टरं उतरवावी लागतील. ती अडगळीत जाऊ नयेत असं मला फार वाटतं. पश्चिम बाजूची बहुतेक पट्टी १९९३ पर्यंत मंदिरावरच होती. एल्गिनच्या कारागिरांनी घेतलेल्या तिच्या साच्यांमध्ये असे तपशील टिकलेत, जे दगडावरून नंतर धुराने आणि पावसाने खाऊन टाकले. प्लास्टरही पुरावा असतो. म्हणून दालनात किमान एक घोडेस्वार पांढराच राहू द्यावा, आणि त्याच्या जागेचा खरा मालक शेजारी बसवून, तो कुठे होता, कधी आला, हे पाटीवर लिहावं.