डिझेल फुल, इंजिन लाल: चारशे सातचा मीटर परत बसवताना

माळशेजच्या रस्त्याला लागलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मागे टोमॅटोचे क्रेट आणि समोर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत. गाडी कडेला घेतली, उतरून पाहिलं. वाफ नाही, पाणी गळत नाही, रेडिएटर रोजच्याइतकाच तापलेला. परत येऊन बसलो तर डिझेलचा काटा फुल. आळेफाट्यावर मी दोन हजारांचं डिझेल टाकलं होतं. दोन हजारांत या टाटा चारशे सात टेम्पोची टाकी भरत असती तर टोमॅटो कशाला वाहिले असते, त्या पंपावरच राहायला गेलो असतो.

जीव मुठीत धरून मुरबाडपर्यंत आलो. चहाला थांबलो, लाइट बंद केल्या आणि दोन्ही काटे मुकाट खाली आले. लाइट लावल्या, दोन्ही वर. बंद, खाली. चहावाला माझ्याकडे बघत होता.

या गोष्टीला आता महिना झाला, पण राग गेलेला नाही. निम्मा इलेक्ट्रिशियनवर आहे. उरलेला कोणावर, ते पुढे कळेलच.

गाडी 2009 ची. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी डॅशबोर्डात झिरपायचं. मीटरच्या मागचे बल्ब गेलेले, स्पीडोमीटरची केबल तुटलेली आणि पासिंग पंधरा दिवसांवर. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो आणि स्पीडोमीटर चालू लागतोच. म्हणून रविवारी मीटर काढला. काढण्यात काही विशेष नाही. बॅटरीची मायनस सोडली, चार स्क्रू, मागे हात घालून केबलचा नट, वायरी जोडणारे दोन कपलर, झालं. बल्ब बदलले, नवी केबल ओढली. मीटर ज्या पत्र्याच्या पट्टीवर बसतो ती गंजली होती, तिला पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा, हात दिला. इतकी झकास दिसत होती की मुलाला बोलावून दाखवली. दुपारी सगळं बसवलं, चावी फिरवली, काटे बरोबर. उन्हात हेडलाइट लावून कोण बघतो?

कल्याणला माल उतरवून परत आलो आणि हायवेवरच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावली. त्याला नीट सांगितलं की लाइट लावल्या की काटे चढतात, बंद केल्या की उतरतात. तो म्हणाला, "शेठ, ठेवून जा, बघतो." पहिल्या दिवशी त्याच्याकडे वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा आला नव्हता. संध्याकाळी गेलो तर माझा मीटर काउंटरखाली तेलाच्या फडक्यावर पालथा पडलेला आणि गाडीचा दरवाजा उघडा. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "मीटर गेलाय शेठ, पूर्ण सेट टाका, साडेचार हजार." मी विचारलं, मीटर गेलाय तर लाइट बंद केल्यावर बरोबर कसा दाखवतो? त्यावर तो हसला. बघण्याचे तीनशे घेतले.

घरी येऊन मीटर पुन्हा जोडला, पण स्क्रू लावले नाहीत, वायरींवर तसाच लोंबता ठेवला. लाइट लावून इंजिनावरच्या टेम्परेचर सेन्सरची वायर काढली. तो काटा खाली आला, पण डिझेलचा आणखी वर सरकला. हे बघून तर डोकंच फिरलं. अर्थिंगची शंका मला होतीच. म्हणून अर्थची वायर, म्हणजे मीटरचा करंट गाडीच्या पत्र्यात परत नेणारी, दहा वेळा बघितली. तिच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे थिंबल, पट्टीवर, नट घट्ट, ओढून पाहिली तरी हलत नव्हती. मग फ्यूज बघितले. कपलरच्या पिना घासल्या. मीटरच्या पाठीवर तांब्याच्या रेघांची जी प्लास्टिकची पट्टी असते ती कुठे तुटली का, म्हणून मोबाइलचा टॉर्च आणि म्हाताऱ्याचा चष्मा घेऊन तासभर बघत बसलो. नव्या सेटसाठी दुकानदाराला फोनही केला. तो म्हणाला, उद्या मिळेल. नशीब माझं की आज मिळेल म्हणाला नाही.

रात्री नऊच्या सुमाराला मीटर एका हाताने धरून दुसऱ्या हातातला डिसमिस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, खाली ठेवायला गेलो. त्याचं टोक मीटरच्या पाठीवरच्या अर्थच्या स्क्रूला लागलं आणि दांडा डॅशच्या कोऱ्या पत्र्याला. दोन्ही काटे झपकन खाली! आणि बल्ब एकदम असे पेटले की इतके दिवस ते मिणमिणत होते हे तेव्हा कळलं.

डिसमिस उचलला, काटे वर. टेकवला, खाली.

रेड ऑक्साइड. अर्थचं थिंबल मी त्याच रंगवलेल्या पट्टीवर आवळलं होतं. नट घट्ट होता, पण रंगावर, आणि रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून थोडा करंट जायचा, तो नुसत्या काट्यांना पुरायचा. लाइट लावल्यावर मीटरचे पाच बल्ब लागले की पुरेनासा व्हायचा. मग बल्बचा करंट परतीची दुसरी वाट शोधायचा, म्हणजे मीटरमधून टेम्परेचर आणि डिझेलच्या वायरींवरून इंजिनाकडे आणि टाकीकडे. काट्यांना वाटायचं इंजिन तापलं, टाकी भरली. एक वायर काढली की सगळा भार दुसरीवर, म्हणून डिझेलचा काटा वर सरकला होता.

नट सोडला, थिंबलखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला, परत आवळून वरून ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. साडेचार हजार वाचल्याचा आनंद होता, पण मुलगा समोर उभा होता आणि त्याला पट्टी दाखवल्याचं आठवत होतं.

एक राहिलं. दुकानात साधे बल्ब पाचच मिळाले, सहावा एलईडी घेतला आणि तो नेमका बॅटरीच्या लाल दिव्याच्या जागी लागला. त्या दिव्यातून जाणाऱ्या करंटवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही. परिणाम असा की सकाळी इंजिन सुरू, पण जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग नाही. मल्टिमीटर बॅटरीला लावला तर 12.3 व्होल्टवरच. साधा बल्ब टाकल्यावर 14 च्या आसपास. तेव्हा एलईडी हवेच असतील तर उजेडाच्या बल्बांच्या जागी टाका, त्या एका होल्डरमध्ये नको.

आणि स्पीडोमीटरची केबल. मीटर ढकलायच्या आधी गिअरबॉक्सकडची क्लिप सैल करा, नाहीतर ती मागून ओढ घेते आणि चौकोनी टोक मीटरच्या भोकात बसतच नाही. नट फिरतो, वाटतं बसलं, गाडी चालवली की काटा शून्यावर. ग्रीस लावायचं तर खालच्या बाजूला. मीटरकडची शेवटची दोन-तीन इंच कोरडी ठेवा, नाहीतर ग्रीस चढत चढत स्पीडोमीटरच्या आत जातं. मीटरची काच थिनरने पुसू नका, मी एक कोपरा पांढरा करून बसलोय.

पासिंग झालं. मीटरला चारपैकी तीनच स्क्रू आहेत, चौथा त्या इलेक्ट्रिशियनच्या काउंटरखाली राहिला. दोनदा मागायला गेलो. पोरगा आला नव्हता.